आनंदीबाईंचा अर्ज आणि आपला परिचय

मराठी संस्कारात परिचय हा दुसऱ्याने करून द्यायचा असतो. सभेत वक्त्याचा परिचय सूत्रसंचालक करून देतो; पुस्तकाच्या मलपृष्ठावरील लेखकपरिचय लेखकानेच लिहिलेला असला तरी तो तृतीयपुरुषी असतो. दासबोधातील मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपणच करणारा येतो, आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही येतो. या संस्कारात वाढलेल्या विद्यार्थ्यापुढे २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या माध्यमाने एक अवघड काम ठेवले आहे: स्वतःविषयी, प्रथमपुरुषी, अनोळखी माणसांसाठी लिहिणे. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून लोकलने मुंबईकडे जाणारा मराठीचा पदवीधर या जागी एक तर काहीच लिहीत नाही, किंवा ‘डायनॅमिक’, ‘पॅशनेट’ अशी उसनी विशेषणे ओळीने मांडतो. आत्मस्तुती न करता स्वतःविषयी कसे लिहावे, हा प्रश्न मात्र नवा नाही. बदलापूरहून काही स्थानके ओलांडली की येणाऱ्या कल्याणात जन्मलेल्या एका मुलीने तो १८८३ साली सोडवला होता.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी त्यांचे लग्न वयाने बरेच मोठे असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपालखात्यात नोकरीला होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्या काळात अनोळखी माणसांना जोडणारे जाळे म्हणजे टपाल, आणि त्याची ताकद टपालातल्या माणसाइतकी कोणाला ठाऊक असणार? १८७८ साली कोल्हापुरात असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे आणि आपल्यालाही तेथे काम हवे आहे, असा त्याचा आशय होता. वाइल्डर यांनी उत्तरात धर्मांतराचा मार्ग सुचवला. ज्याच्याकडे मदत मागितली, त्याच्यापुरता हा परिचय वाया गेला होता.

परंतु वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, आणि १८८० साली तो न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले. मिशनऱ्याला उद्देशून लिहिलेल्या मजकुरातून एका त्रयस्थ वाचक स्त्रीला त्या मुलीची तळमळ जाणवली. पुढची काही वर्षे या दोघींचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि त्यात बोलणाऱ्या आनंदीबाई स्वतः होत्या. ‘माझ्या पत्नीला शिकायचे आहे’ येथपासून ‘मला शिकायचे आहे’ येथपर्यंतचा हा प्रवास केवळ व्याकरणातील पुरुष बदलण्याचा नव्हता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यामागे होते, आणि वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळही तेथेच होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी अमेरिकेला का जाते, या विषयावर इंग्रजीत जाहीर भाषण केले. त्यांनी लोकांचेच सहा प्रश्न घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले: अमेरिकाच का, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही का, एकटीच का, परतल्यावर बहिष्कार पडला तर काय, संकट आले तर काय, आणि जे कोणत्याही स्त्रीने केले नाही ते मीच का करावे? स्वतःच्या गुणांची यादी या भाषणात नाही. ऐकणाऱ्याच्या मनातील शंका ओळखणे ही त्याची रचना आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी तेथे सांगितले.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. आपल्या पूर्वशिक्षणातील उणिवा त्यांनी झाकल्या नाहीत. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलो, हा निर्धारच पुढेही उपयोगी पडेल, असे त्यांनी मांडले. परपुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांची सेवा करायची आहे, हे प्रयोजनही स्पष्ट सांगितले. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांच्या कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या.

‘मी निश्चयी आहे’ हे वाक्य आत्मस्तुती ठरते. ‘मी कोणत्या विरोधातून आले’ हे सांगणे निवेदन ठरते. विशेषण ऐकणाऱ्याने जोडायचे असते, आपण घटना द्यायची असते. मराठीच्या विद्यार्थ्याला हा भेद शिकवावा लागत नाही, कारण कथेतील पात्राविषयी लेखकाने काय सांगितले आणि काय दाखवले, हे तो वर्गात रोज तपासत असतो. आपल्या परिचयात त्याने ‘उत्तम भाषिक कौशल्ये’ लिहिण्याऐवजी कोणते हस्तलिखित तपासले, कोणता मजकूर अनुवादित केला, किती पानांचे मुद्रितशोधन केले, कोणासाठी आणि कधी, एवढे लिहावे. जे येत नाही त्याची नोंदही त्याला लाजिरवाणी वाटू नये. शिफारस मागायची तर ज्याने काम पाहिले त्याच्याकडेच मागावी. प्रयोजन एका वाक्यात सांगता आले नाही, तर परिचय अजून लिहायचा आहे असे समजावे.

अर्थात परिचयाने दार उघडते, त्यापलीकडचे आयुष्य त्याच्या हाती नसते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी आनंदीबाईंना मिळाली होती. ती हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. एका छापील पत्रावरून झालेली ही ओळख अखेर कुटुंबाच्या नात्यापर्यंत पोहोचली होती. आपल्या विद्यार्थ्यांना ‘संपर्क वाढवा’ असे सांगताना या शब्दाचा एवढा अर्थ होऊ शकतो, हेही सांगायला हवे.