दुसऱ्या पसंतीची मते

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुम्हा-आम्हाला मत नसते. मत असते ते खासदारांना आणि आमदारांना. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली ही गोष्ट मी परीक्षेपुरती पाठ केली होती. पण १९६९ च्या पावसाळ्यात आमच्या घरात मात्र तिची आठवण कोणालाच राहिली नव्हती. वडील व्ही. व्ही. गिरी यांच्या बाजूचे, काका चिंतामणराव देशमुखांच्या, आणि शेजारचे खादीधारी गृहस्थ काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्या. रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या संपल्या की वाद सुरू व्हायचा. एकदा तर काका भरल्या पानावरून उठून गेले. तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "तुमच्यापैकी मत कुणाला आहे, तेवढं आधी सांगा. म्हणजे त्याला ताक जास्त वाढते."

त्या निवडणुकीची हकिकत सांगताना आपण बहुधा इंदिरा गांधी आणि 'सिंडिकेट' यांच्या झुंजीची हकिकत सांगतो. ती खोटी नाही. पण मला आज त्या झुंजीपेक्षा मतदारांविषयी बोलायचे आहे. म्हणजे ज्यांना मत होते त्या सुमारे चार हजार माणसांविषयी, आणि ज्यांना ते नव्हते पण आपल्याला आहे असे समजून जे वागले, त्यांच्याविषयीही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे अधिकारपदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे पक्षाच्या संसदीय मंडळात पंतप्रधानांनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले आणि त्यांचा पराभव झाला. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी रेड्डींच्या बाजूने मत दिले. इंदिराबाईंबरोबर राहिले ते फक्रुद्दीन अली अहमद. यशवंतरावांच्या त्या एका मताची चर्चा महाराष्ट्रात पुढे कितीतरी वर्षे चालली. अजूनही जुनी माणसे भेटली की चालते.

पुढच्या दहा दिवसांत घटना इतक्या भराभर घडल्या की वर्तमानपत्र वाचून खाली ठेवेपर्यंत शिळे व्हावे. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण करणारा वटहुकूम निघाला, आणि त्यावर सही होती हंगामी राष्ट्रपती गिरी यांची. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडले आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही, म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. त्याच दिवसांत माणूस चंद्रावर उतरला. पण आमच्याकडे चंद्राची बातमी दुसरी ऐकली जायची, पहिली दिल्लीची.

बँकांच्या निर्णयानंतर पंतप्रधानांच्या सफदरजंग रस्त्यावरच्या निवासस्थानासमोर माणसांची रीघ लागली. टॅक्सीवाले, रिक्षावाले, चांभार, छोटे दुकानदार, शाळामास्तर येत होते. त्यांतले काही आणवलेले होते, असे विरोधक म्हणत, काही असतीलही. पण आमच्या वडिलांना कोणी आणवले नव्हते. त्यांना फक्त इतके आठवत होते की घर दुरुस्तीच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर त्यांना बसायला खुर्चीदेखील मिळाली नव्हती. त्या खुर्चीचा राग त्यांनी रेड्डींवर काढला. रेड्डींचा आणि त्या खुर्चीचा काडीचा संबंध नव्हता. पण बँका, पंतप्रधान आणि गिरी ही एक बाजू, आणि उरलेले सगळे दुसरी, अशी वाटणी लोकांच्या मनात होऊन गेली होती. ती करून देण्यात इंदिराबाईंचे कौशल्य होते, हे वडिलांनाही नंतर मान्य होते.

आता खऱ्या मतदाराकडे येऊ. काँग्रेसच्या खासदाराची अडचण अशी, की रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही खुद्द पंतप्रधानांची होती. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांचे म्हणणे, पक्षाच्या उमेदवाराला मत द्या. पंतप्रधान मात्र पक्षादेश काढायला तयार नाहीत. मधेच निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांची भेट घेतली. त्यांचा उमेदवार वेगळा असला, तरी दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत, एवढाच हेतू होता, असे ते सांगत. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी ते धरले: ज्यांच्याशी आपण लढतो त्यांच्याशी हातमिळवणी कशी? मग मोकळ्या मतदानाची मागणी झाली, आणि मतदानाच्या तोंडावर पंतप्रधानांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. मराठी वर्तमानपत्रांना एवढा मोठा शब्द मथळ्यात बसेना. 'आतला आवाज' हा शब्द आपल्या राजकारणात रुळला तो तेव्हापासून. आता नगरपालिकेत कोणी बाजू बदलली तरी त्याला आतला आवाज आला असे म्हणतात.

या आवाजाची चेष्टा खूप झाली. पण त्या आमदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मतपत्रिका गुप्त, कोणी पाहणार नाही. पक्ष एकीकडे ओढतो, सरकार दुसरीकडे, आणि गावी गेल्यावर पारावरची माणसे विचारतात, काय, गिरींनाच ना? त्याला इतकी वर्षे मत होते, पण निवड कधी नव्हती. पक्षाने नाव ठरवायचे आणि त्याने आकडा लिहायचा. १९६९ साली पहिल्यांदा त्याला खरोखरच ठरवायचे होते, आणि मला वाटते, त्याची झोप उडाली ती त्यामुळे.

गिरींच्या मागे दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक, अकाली असे नाना रंगांचे लोक उभे राहिले. रेड्डी काँग्रेसचे. आणि जनसंघ-स्वतंत्र यांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. आमचे काका त्यांचे निस्सीम भक्त. कारण साधे: आपला माणूस, कुलाबा जिल्ह्यातला, रायगडाजवळच्या नाते गावी जन्मलेला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० पासून केंद्राचे अर्थमंत्री. पण काकांसाठी या सगळ्याहून मोठी गोष्ट होती १९५६ ची. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले, मुंबईत गोळीबार झाले, त्यांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, तेव्हा चिंतामणरावांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. काका म्हणत, "आतला आवाज काय असतो ते या माणसाने तेरा वर्षांपूर्वीच दाखवले आहे. तुम्ही आता शिकता!"

वडिलांकडे याला उत्तर होते, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला आज ते फार मोलाचे वाटते. रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली ती १ जानेवारी १९४९ रोजी, देशमुख तिचे गव्हर्नर असताना. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ साली, देशमुख अर्थमंत्री असताना. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि ते देशाला सांगणारे रेडिओवरचे भाषण चिंतामणरावांचेच होते. आणि आता बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला कडाडून विरोध करणारा स्वतंत्र पक्ष त्यांना उमेदवारी देत होता! वडील म्हणायचे, "अरे, इंदिराबाई करतायत ते याच्याच वहीतलं आहे." काका गप्प व्हायचे. पानावरून उठले ते याच वाक्यावर.

१६ ऑगस्टला मतदान झाले. मतांची किंमत सारखी नसते हे इथे सांगायला हवे. त्या वेळी एका खासदाराचे मत ५७६ चे धरले जाई. आमदाराचे त्याच्या राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे कमी-जास्त. उमेदवार एकूण पंधरा. त्यांत आणखी एक मराठी नाव होते, पांडुरंग नाथुजी राजभोज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या काळातले पुढारी. त्यांना ८३१ मते पडली. ते का उभे राहिले आणि त्यांना मत कोणी दिले, हे शोधायला हवे होते. मोठ्यांच्या भांडणात अशा उमेदवारांकडे कोणी पाहत नाही.

२० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीची मते अशी: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. निवडून यायला हवी होती ४,१८,१६९. म्हणजे कोणीच निवडून आले नव्हते. काँग्रेसची सगळी मते एकत्र राहती तर रेड्डींना चिंता नव्हती, हे या आकड्यांवरून कोणीही सांगेल. आतला आवाज ऐकू आला होता, आणि पुष्कळांना आला होता.

पण तरीही तेवढ्याने भागले नाही. एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाऊ लागली. शेवटी पाळी आली देशमुखांच्या मतपत्रिकांची. निजलिंगप्पांनी ज्यासाठी एवढा वाईटपणा घेतला, ती हीच मते. ती रेड्डींकडे गेलीही. रेड्डींच्या खात्यात तब्बल ९१,८७९ मतांची भर पडली, गिरींच्या खात्यात फक्त १८,५६२. पण गिरींना हवीच होती १६,६५४. अखेरचा आकडा: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. हव्या असलेल्या संख्येपेक्षा गिरींना १,९०८ मते जास्त. म्हणजे सव्वातीन खासदारांएवढी.

मी या आकड्याशी पुष्कळदा थांबतो. गिरींना राष्ट्रपतिभवनात नेऊन बसवले ते इंदिराबाईंनी, असे आपण म्हणतो. पण शेवटचे पाऊल टाकले ते ज्यांनी आधी दुसऱ्याच कुणाला तरी, बहुतेकांनी देशमुखांनाच, पसंती दिली होती अशा मतदारांनी. पक्षांच्या बोलण्यांप्रमाणे ज्या मतपत्रिकांवर दुसरे नाव रेड्डींचे यायचे, त्यांतल्या काहींवर ते गिरींचे आले. काहींवर तर दुसरे नावच नव्हते. त्यांच्या मनात काय होते? बँका? काँग्रेस फुटावी ही इच्छा? की कुणी सांगेल तसे लिहायचे नाही, एवढाच बाणा? मत गुप्त असते. तिथे इतिहासकाराचे हात टेकतात.

एक प्रयत्न मात्र झाला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात. निवडणुकीच्या दिवसांत रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर चिखल उडवणारे एक निनावी पत्रक खासदारांना टपालाने गेले होते, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येही वाटले गेले होते. त्यातला मजकूर रेडिओवरून सांगण्यासारखा नाही. गिरींची निवड रद्द व्हावी म्हणून ज्या याचिका झाल्या, त्यांत हे पत्रक मुख्य होते: याचा मतदारांवर गैरवाजवी दबाव आला की नाही? ज्यांनी गुप्त मतदान केले, ते खासदार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. एका खासदाराच्या टेलिफोनवरच्या संभाषणाची ध्वनिफीत पुराव्यात दाखल झाली, आणि ध्वनिफितीच्या पुराव्याविषयी त्या वेळचा निर्णय वकील अजून दाखला म्हणून देतात. स्वतः गिरी, विद्यमान राष्ट्रपती, न्यायालयात येऊन साक्ष देऊन गेले. त्यांच्यासाठी वेगळ्या खुर्चीची व्यवस्था केली होती. वडिलांनी ही बातमी दोनदा वाचली.

१९७० साली याचिका फेटाळल्या गेल्या. पत्रक वाटले गेले हे न्यायालयाने मानले. पण त्यात गिरींचा हात होता किंवा त्याने निकाल पालटला, हे सिद्ध झाले नाही. पुढे १९७४ साली कायदा बदलला. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अनामत रक्कम आवश्यक झाली. आता सूचक-अनुमोदक पन्नास-पन्नास लागतात. राजभोजांसारख्यांची वाट त्यामुळे बंद झाली. आणि २०२२ पर्यंतच्या एकाही राष्ट्रपती निवडणुकीत पुन्हा दुसऱ्या पसंतीची मते मोजण्याची वेळ आलेली नाही.

रेड्डी आपल्या अनंतपूर जिल्ह्यात शेतीकडे वळले आणि १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. चिंतामणरावांना आणि दुर्गाबाईंना १९७५ साली पद्मविभूषण मिळाले; तेव्हा राष्ट्रपतिभवनात होते फक्रुद्दीन अली अहमद, बंगळूरला अल्पमतात राहिलेले.

चिंतामणराव १९८२ साली २ ऑक्टोबरला गेले. त्या दिवशी वडील आणि काका ओट्यावर बसले होते. वडिलांनी विचारले, "तुला मत असतं, तर पहिलं चिंतामणरावांना, हे ठीक. दुसरं कुणाला दिलं असतंस रे?"

काका म्हणाले, "मत गुप्त असतं." आणि चहा मागवला.