रोपपेटीतील तापमान-नियंत्रण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (कोरपना परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुका प्रामुख्याने कापूस व सोयाबीनचा आहे. येथील हवामानाला दोन टोके आहेत. मे महिन्यात चंद्रपूर परिसराचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, तर डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री ते १० अंशांच्या आसपास उतरते. उन्हाळी मिरची, वांगी किंवा टोमॅटो घ्यावयाचे झाल्यास रोपे नेमकी याच थंडीत तयार करावी लागतात. मिरचीचे बी २५ ते ३० अंशांना चांगले उगवते. माती १५ अंशांखाली राहिली की उगवण रखडते आणि ओल्या मातीत बी कुजू लागते. संकरित बियाण्याची पुडी महाग असल्याने हे नुकसान लहान शेतकऱ्याला परवडणारे नसते. यावर ऊबदार रोपपेटी हा उपाय आहे. परंतु ऊब देणे सोपे, ती वेळेवर थांबविणे अवघड. तापमान-नियंत्रणाचा इतिहास हा वस्तुतः उष्णता थांबविण्याच्या युक्तीचाच इतिहास होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
वाफ्याला उष्णता देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कोकण व घाटमाथ्यावर भाताच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा व डहाळ्या पसरून जाळतात, त्यास ‘राब’ म्हणतात. झाडांच्या फांद्या तोडल्या जात असल्याने एकोणिसाव्या शतकात वनखाते व शेतकरी यांच्यात त्यावरून दीर्घ वाद झाला. पुढे पुणे कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. केवळ राखेचाच नव्हे, तर माती तापण्याच्या परिणामाचाही विचार त्यात झाला. मात्र राबाची उष्णता पेरणीपूर्वीची असते, बी उगवताना ती नसते. युरोपातील माळी घोड्याच्या लिदीच्या ढिगावर वाफा करीत. तेथे उगवतानाही ऊब मिळे. पण ऊब वाढली की काचेचे झाकण उचलणे आणि रात्री पुन्हा लावणे हे माळ्याच्याच हाती राही. त्याला झोप लागली की रोपे गेली.

माळ्याची ही राखण यंत्राकडे सोपविण्याचा पहिला ठळक प्रयत्न कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२-१६३३) या डच संशोधकाने इंग्लंडमध्ये केला. त्याची पेटी अंडी उबविण्याची होती. पेटीतील भांड्यात मद्यार्क असे. तापल्यावर तो प्रसरण पावून पारा वर ढकली, पाऱ्यावरील दांडा उचलला जाई आणि भट्टीचे धुराडे झाकले जाई. विस्तव मंदावला की हीच क्रिया उलट दिशेने घडे. विस्तवाने स्वतःच स्वतःला आवरावे, ही कल्पना त्या काळी विलक्षणच म्हणावी लागेल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बोनेमँ याने शिसे व लोखंड यांच्या असमान प्रसरणाचा उपयोग करून उबवणी-यंत्राची आग आवरली. ‘थर्मोस्टॅट’ हे नाव मात्र १८३० मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युर याने आपल्या द्विधातुपट्टीच्या साधनाला दिले.

पुढील टप्पा शिक्षणक्षेत्रातील वाचकांस गमतीचा वाटेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन हे अध्यापक होते. तळघरातील भट्टी कमी-जास्त करण्यासाठी शिपायाला वर्गावर्गांत फिरून तापमान पाहावे लागे व अध्यापनात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी विद्युत थर्मोस्टॅट तयार करून १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. धुराड्याच्या झाकणाची जागा अशा प्रकारे विजेच्या संपर्काने घेतली.

कोरपना परिसरातील उपयोग :
आजची साधी रोपपेटी याच मालिकेतील आहे. लाकडी किंवा थर्माकोलची पेटी, तळाशी ६० वॅटचा तारेचा दिवा, त्यावर पत्रा, पत्र्यावर वाळूचा थर आणि वाळूवर रोपांचे ट्रे, एवढी तिची रचना. एलएम ३५ हा संवेदक प्रत्येक अंशामागे १० मिलिव्होल्ट देतो. तुलनाकारी मंडल त्याची ठरविलेल्या व्होल्टेजशी तुलना करून रिलेमार्फत दिवा चालू-बंद करते. एकाच बिंदूवर चालू-बंद ठेवल्यास रिले सतत खटखटतो. म्हणून २७० मिलिव्होल्टला, म्हणजे २७ अंशांना चालू आणि २९० ला बंद, असे अंतर ठेवावे लागते. दिवा विझल्यावरही तापलेली वाळू काही काळ उष्णता देतच राहते. हे ध्यानात न घेतल्यास तापमान ठरविल्यापेक्षा बरेच वर जाते.

संवेदक कोठे ठेवावा, यावर बरेच अवलंबून असते. तो हवेत टांगल्यास झाकण उघडताच दिवा लागतो आणि माती मात्र आधीच तापलेली असते. त्यामुळे तो बियांच्याच खोलीवर, मातीत, जलरोधक नळीत घालून ठेवणे इष्ट. रिलेचे संपर्क चिकटले तर दिवा विझतच नाही. अशा वेळी ३५ अंशांना वीज तोडणारा द्विधातुपट्टीचा स्वतंत्र थर्मोस्टॅट मालिकेत जोडलेला असल्यास रोपे वाचतात. ओलावा व वीज एकत्र असल्याने अर्थिंग व ईएलसीबी आवश्यक ठरतात.

ग्रामीण भागात रात्री वीज गेल्यास नियंत्रक निरुपयोगी ठरतो. अशा वेळी वाळूतील साठलेली उष्णता, पेटीत ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि वरून टाकलेले पोते एवढ्यावरच पहाटेपर्यंत भागवावे लागते. रोपांनी मान वर काढल्यानंतर पेटीतील दमट ऊबच घातक ठरते. त्यांना रोपे कोलमडण्याचा रोग लागतो. म्हणून उगवण होताच ट्रे बाहेर काढून उजेडात, रात्री आच्छादनाखाली ठेवावे लागतात.