जंगलालगतच्या गावात कुत्रा पाळताय? ब्रह्मपुरी परिसरात या गोष्टी माहीत असायलाच हव्यात

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, सावली किंवा वैनगंगेपलीकडचं आरमोरी. या भागातल्या कुठल्याही गावात रात्री कुत्रे एकदम भुंकायला लागले, की घरातली मोठी माणसं कान टवकारतात. शहरात कुत्र्याचं भुंकणं म्हणजे झोपमोड. इथे मात्र तो निरोप असू शकतो: गोठ्यामागे बिबट्या आहे, धुऱ्यावर रानडुकरं आली आहेत किंवा नाल्यातून वाघ चालला आहे.

म्हणूनच जंगलालगतच्या गावांत जवळपास प्रत्येक घराला कुत्रा हवा असतो. पण हाच कुत्रा बिबट्याचं आवडतं भक्ष्यही आहे. त्याला लस दिलेली नसेल तर त्याच्यापासून घरातल्या मुलांना रेबीजचा आणि जंगलातल्या प्राण्यांना दुसऱ्या आजारांचा धोका असतो. त्यामुळे इथे कुत्र्याची काळजी घेणं हा फक्त प्राणिप्रेमाचा विषय राहत नाही. घरातली माणसं, कुत्रा आणि जंगल या तिघांची सुरक्षितता एकमेकांत गुंतलेली आहे.

इथली परिस्थिती वेगळी का आहे?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर ज्या भागात वाघांचा मोठा वावर आहे, त्यात ब्रह्मपुरी वनविभागाचं नाव वरचं आहे. २०१८ मध्ये याच परिसरात घोडाझरी अभयारण्य जाहीर झालं. पण वाघ-बिबटे अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. धानाची शेती, झुडपी जंगल, तलाव आणि गावं इथे एकमेकांना चिकटून आहेत.

वाघ सहसा माणसापासून लांब राहतो. बिबट्याचं तसं नाही. तो उसात, झुडपांत, पडक्या घरातही राहू शकतो आणि मिळेल त्या लहान-मध्यम प्राण्यावर जगतो. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या खाण्यातला सुमारे ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा जास्त होत्या, तरी खाण्यात त्यांचं प्रमाण कमी निघालं.

यामागचं कारण साधं आहे. शेळ्या रात्री गोठ्यात बंद असतात, कुत्रा उघड्यावर असतो.

अकोल्यातली उसाची शेती आणि चंद्रपूरचं जंगल सारखं नाही. इथे चितळ, रानडुक्कर असं भक्ष्यही आहे. पण उघड्यावरचा कुत्रा बिबट्याला गावात ओढतो, हे दोन्हीकडे खरं आहे.

रात्री कुत्रा कुठे ठेवायचा?

अंगणात खुंट्याला बांधलेला कुत्रा राखण करेल, असं अनेकांना वाटतं. पण बांधलेल्या कुत्र्याला ना पळता येत, ना लपता येत. बिबट्या आला तर तो पहिला बळी ठरतो. आणि एकदा अंगणात शिकार मिळाली, की बिबट्या त्याच अंगणात पुन्हा येऊ शकतो. तिथे लहान मुलं झोपत असतील तर धोका आणखी वाढतो.

- अंधार पडण्याआधी कुत्र्याला आत घ्या. घरात नको असेल तर दार लागणारी, वरून छत असलेली पक्की जागा करा. बिबट्या भिंत चढतो, त्यामुळे नुसतं कुंपण पुरत नाही.
- शेळ्यांच्या गोठ्याला पक्कं दार आणि मजबूत जाळी असेल, तर त्यातलाच एक कोपरा कुत्र्याला देता येतो.
- अंगणात आणि गोठ्याजवळ दिवा ठेवा. घराभोवतीची झुडपं काढा, म्हणजे दबा धरायला जागा उरत नाही.
- उरलेलं अन्न आणि कोंबडीचे टाकाऊ भाग गावाच्या कडेला टाकू नका. त्यावर मोकाट कुत्रे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

हिमालयातले मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. पट्ट्याने काही वेळा जीव वाचतो, पण बंद दाराची जागा तो घेऊ शकत नाही.

आत ठेवलेला कुत्राही आवाज देतोच. त्याचं नाक आणि कान भिंतीआडूनही काम करतात.

मोहफुलं वेचायला जाताना कुत्रा सोबत न्यावा का?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. या हंगामात पहाटेपासून लोक जंगलात असतात आणि अनेकांच्या मागे घरचा कुत्राही जातो. सोबत असली की बरं वाटतं. पण मोकळा कुत्रा झुडपात शिरतो आणि तिथे बसलेल्या अस्वलाला किंवा पिल्लांसोबतच्या वाघिणीला डिवचतो. मग घाबरून तो पळत येतो तो थेट मालकाकडेच, आणि चिडलेला प्राणी त्याच्या मागे.

त्यामुळे कुत्र्याला घरीच ठेवणं चांगलं. गटाने जा, बोलत राहा, उजाडल्यावरच निघा. कुत्रा सोबत असलाच तर तो दोरीवर हवा. चालता चालता तो थबकला, अंगावरचे केस उभे राहिले, शेपूट पायात घालून मागे सरकू लागला, तर त्याला ओढून पुढे नेऊ नका. सगळ्यांनी मिळून आल्या वाटेने मागे फिरा.

कुत्र्यांना हरणं, ससे, रानडुकरांच्या मागे सोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीचा गुन्हा ठरू शकतो.

कुत्रा चावण्याआधी काय सांगतो?

'अचानक चावला' असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कुत्र्याने आधी सांगितलेलं असतं, आपल्याला ते कळलेलं नसतं. साधारण क्रम असा असतो:

१. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं. म्हणजे, 'मला हे नको आहे.'
२. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग आखडणं. म्हणजे, 'मी घाबरलो आहे.'
३. एकदम स्तब्ध होऊन रोखून पाहणं, गुरगुरणं, दात दाखवणं. म्हणजे, 'आता लांब व्हा.'
४. हवेत तोंड मारणं, आणि मग चावणं.

शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समजही अर्धवट आहे. अंग सैल असेल आणि शेपूट मोकळी हलत असेल तर ठीक. अंग ताठ आणि शेपूट वर, आखडून हलत असेल तर सावध व्हा.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नये. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, पण त्याची भीती जात नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावू शकतो.

घरात लहान मुलं असतील तर?

संशयित रेबीज असलेल्या प्राण्याने चावा घेतलेल्या लोकांमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण सुमारे ४० टक्के असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची उंची कमी असल्याने चावा अनेकदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो. त्यामुळे मुलांना हे नियम पाठ हवेत:

- कुत्रा जेवत असताना, झोपलेला असताना, बांधलेला असताना किंवा कुत्री पिल्लांजवळ असताना जवळ जायचं नाही.
- गळ्यात हात टाकून मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही.
- अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही. झाडासारखं स्तब्ध उभं राहायचं, हात अंगाशी, नजर खाली. पडलोच तर अंग गोळा करून मान आणि कान हातांनी झाकायचे.
- ओरखडा उठला तरी घरी सांगायचं. मार पडेल या भीतीने मुलं लपवतात, म्हणून सांगितल्यावर रागावू नका.

इथे जंगलालगतच्या मुलांना एक फरक वेगळा शिकवावा लागतो. कुत्र्यासमोर नजर खाली घालून स्तब्ध राहायचं, पण बिबट्या किंवा वाघ दिसला तर खाली बसायचं किंवा वाकायचं नाही. बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान भक्ष्यासारखा दिसू शकतो. त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं, मोठ्याने आवाज करायचा. पळायचं मात्र दोघांसमोरही नाही.

कुत्रा चावला तर पहिल्या १५ मिनिटांत काय करायचं?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. रेबीजचा विषाणू जखमेतून शिरतो आणि धुण्याने तो मोठ्या प्रमाणात निघून जातो. मिरची, हळद, चुना, तेल असलं काहीही लावू नका. मंत्र-तंत्र आणि झाडपाल्यात वेळ घालवू नका.

त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टर जखमेचे तीन प्रकार पाहतात:

- पहिला: धडधाकट कातडीला फक्त स्पर्श किंवा चाटणं. लस लागत नाही.
- दुसरा: रक्त न आलेला ओरखडा किंवा कातडी सोलली जाणं. लस लागते.
- तिसरा: रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, फुटलेल्या कातडीवर किंवा तोंडात-डोळ्यात लाळ जाणं. लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं.

हे दुसरं इंजेक्शन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात लगेच जा.

'पोटात चौदा इंजेक्शनं' ही भीती अजून अनेकांच्या मनात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. भारतात तिचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं. आता लस दंडावर देतात. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशी आणखी एक डोस. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही ती देता येते.

'कुत्रा घरचाच आहे' किंवा 'पिल्लूच होतं' म्हणून थांबू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण उपचार सुरू करून. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतील. मांजर, कोल्हा, मुंगूस, माकड यांनी चावलं तरी न थांबता उपचार सुरू करा; दहा दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत मात्र जंगली प्राण्यांना लागू नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. लक्षणं दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढ्याच काळात माणूस निर्धास्त होतो.

कुत्र्याची लस आणि जंगलाचा काय संबंध?

पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्यक सांगतील तसे वेळेवर डोस, एवढं किमान हवंच. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांचं लसीकरण झालं तर रेबीजची साखळी तुटते, असं मानलं जातं. भारताने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

इथे त्यासोबत डिस्टेंपरची लसही तितकीच महत्त्वाची आहे. डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला, जुलाब आणि नंतर झटके ही या आजाराची लक्षणं. तो माणसाला होत नाही, पण वाघ, बिबटे, रानकुत्रे, कोल्हे यांना होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या विषाणूने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले, तेव्हाही काही सिंहांमध्ये हाच विषाणू सापडला. गावातला कुत्रा वाघाने मारलेल्या जनावरावर ताव मारायला जातो किंवा बिबट्या आजारी कुत्रा खातो, तेव्हा आजार गावातून जंगलात पोहोचू शकतो.

कायदा काय सांगतो?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार कुत्र्याला फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं ही क्रूरता आहे. सतत बांधलेला कुत्रा जास्त चिडका आणि चावरा होतो, हे वेगळंच.

नको असलेली पिल्लं जंगलात किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडणं हाही गुन्हा आहे. यावरचा उपाय म्हणजे नसबंदी. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी आहे. त्यामुळे ग्रामसभेत किंवा नगर परिषदेकडे त्याची लेखी मागणी करता येते.

लक्षात ठेवायचे क्रमांक

- वन्यप्राणी गावात दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन: १९२६
- आजारी जनावरासाठी फिरतं पशुवैद्यकीय पथक: १९६२
- रुग्णवाहिका: १०८

थोडक्यात: रात्री बंद दार, वेळेवर लस, जंगलात मोकळा नाही, आणि गुरगुरला तर लांब. जंगलालगतच्या गावात कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराने एवढं केलं तरी कुत्रा, मूल आणि बिबट्या या तिघांचेही जीव वाचू शकतात.