ख्रिस्ती श्रद्धा आणि उत्क्रांतिवाद

सजीवांच्या सर्व जाती पूर्वीच्या जातींपासून कोट्यवधी वर्षांत घडत आल्या, असे जीवशास्त्र सांगते; जग देवाने निर्माण केले, असे ख्रिस्ती माणूस मानतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला मान्य असू शकतात की नाही, हा वाद चार्ल्स डार्विनचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये निघाल्यापासून चालू आहे. मराठीत या वादातले दोन मुख्य शब्द सख्खे शेजारी आहेत. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे नाव ‘उत्पत्ती’ आणि डार्विनच्या सिद्धांताचे ‘उत्क्रांती’. वेदान्तात मात्र उत्क्रांती म्हणजे प्राणाचे देहातून निघून जाणे. आजचा अर्थ त्या शब्दाला फार उशिरा मिळाला. त्यातल्या ‘उत्’मुळे जीवसृष्टी पायरीपायरीने वरच चढत असते असा समज होतो. डार्विनला तसे म्हणायचे नव्हते.

वादाचे मूळ ‘उत्पत्ती’च्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. पहिल्या अध्यायात सहा दिवसांत सृष्टी होते आणि पशूंच्या नंतर माणूस येतो. दुसऱ्यात मातीचा माणूस आधी घडतो आणि पशू त्याच्यासमोर मागाहून आणले जातात. सूर्य तर चौथ्या दिवशी निर्माण होतो. मग पहिल्या तीन दिवसांच्या संध्याकाळी कशा झाल्या, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच उपस्थित केला होता. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीननेही त्या दिवसांचा अर्थ घड्याळाच्या दिवसांसारखा लावला नाही. तेव्हा अक्षरशः न वाचण्याची वाट डार्विनच्या धाकाने शोधलेली पळवाट नव्हे, ती त्याच्या दीड हजार वर्षे आधीची आहे. मराठीत ही निर्मितिकथा सविस्तर आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापलेला हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ जुन्या कराराची कथा ‘पहिले पुराण’ म्हणून सांगतो.

जीवसृष्टीच्या आधी पृथ्वीच्या वयाचा प्रश्न उभा राहिला. आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळींची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ असा काढला, आणि पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात तो आकडा छापला जाऊ लागला. उलट, नाशिकचा ब्रह्मगिरी किंवा पांडवलेणी ज्या काळ्या बेसाल्टमध्ये आहेत, तो दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हा खडक समजून घेण्याचे पहिल्या फळीतले काम एका मिशनऱ्याने केले, हे विशेष. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे नागपूरला आले. शाळा, उपदेश आणि गोंडांविषयीची टिपणे सांभाळून त्यांनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह आसपासचे भूस्तर तपासले. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख त्यांना दगड झालेले मिळाले. याचा अर्थ एक लाव्हा थंड होऊन त्यावर तळी साचली, त्यांत जीव वाढले, आणि मग पुढचा लाव्हा आला. एवढ्या घडामोडी सहा हजार वर्षांच्या हिशेबात बसवणे अवघड आहे. हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचे आहे.

नाशिकमध्ये हा विषय वेगळ्याच दाराने येतो. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात शहरालगत शरणपूर वसवले. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणून शिकवली जात. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. त्या काळी काही युरोपीय-अमेरिकी पंडित निरनिराळे मानववंश मुळातच वेगळे असल्याचे सांगत, आणि गुलामगिरीच्या समर्थकांना ते सोयीचे पडे. सगळी माणसे एका आदामाची लेकरे, हे मिशनऱ्यांचे त्यावरचे उत्तर. डार्विनने १८७१च्या मानवविषयक ग्रंथात वेगळ्या मार्गाने तोच निष्कर्ष काढला : सर्व मानववंशांचे पूर्वज एकच. या एका मुद्द्यावर चर्च आणि डार्विन एकाच बाजूला उभे होते, आणि वादाच्या इतिहासात ही गोष्ट हवी तितकी सांगितली जात नाही. शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट १८७२ मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेला. पुढल्या वर्षी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचे हृदय तेथेच पुरले गेले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि जवळच्या झाडावर नाव व तारीख कोरली. मीठ लावून वाळवलेला देह घेऊन तो इंग्लंडला पोचला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत होता. आठ वर्षांनी त्याच ॲबीत डार्विनचे दफन झाले.

‘दिवसां’चा प्रश्न आज अनेक चर्चसंस्थांच्या लेखी सुटलेला आहे. खरी अडचण आदामाची आहे. संत पौलाच्या रोमकरांस पत्रात एका माणसामुळे पाप आणि मरण जगात आले व एकामुळेच तारण आले, अशी जोडी मांडलेली आहे. मानवजात काही हजारांच्या समूहातून आली असे आनुवंशिकी सांगते. तेव्हा तो ‘एक माणूस’ कोण, आणि माणसाच्या कितीतरी आधीपासून प्राणी मरत होते तर मरण हे पापाचे फळ कसे? रोमन कॅथलिक चर्चने याला सावकाश तोंड दिले. पोप बारावे पायस यांनी १९५०च्या परिपत्रकात मानवी देहाच्या उत्क्रांतीची चर्चा करण्यास मुभा दिली, आत्मा मात्र देव थेट निर्माण करतो असे बजावले, आणि अनेक आदिमाता-पित्यांची कल्पना आदिपापाशी कशी जुळावी ते दिसत नाही असेही म्हटले. दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये हा सिद्धांत निव्वळ गृहीतक राहिलेला नाही हे मान्य केले. आदामाविषयीची १९५०ची शंका मात्र पूर्णपणे मिटलेली नाही. १९८७ मध्ये स्थापन झालेला नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत याच शिकवणीखाली येतो.

देवाने उत्क्रांतीच्या द्वारेच निर्मिती केली, या मताला ईश्वरवादी उत्क्रांतिवाद म्हणतात. येशूसंघीय पुराजीवशास्त्रज्ञ तेयार द शार्दँ यांनी त्याची सर्वांत धाडसी मांडणी केली. १९३५ मध्ये ते नर्मदेच्या खोऱ्यात प्राचीन दगडी हत्यारे व जीवाश्म पाहत हिंडले होते. त्यांची तत्त्वचिंतनपर पुस्तके हयातीत छापू दिली गेली नाहीत, आणि मरणोत्तर १९६२ मध्ये रोमने त्यांच्याविषयी इशाराही काढला. उत्क्रांतीच्या ओघात प्राण्यांनी भोगलेल्या यातनांना मात्र ईश्वरवादी उत्क्रांतिवादाजवळ अजून समाधानकारक उत्तर नाही, असे म्हणणे भाग आहे.

उलट बाजूला, सहा दिवस म्हणजे सहाच दिवस असे मानणारा पंथ आहे. त्याचे आधुनिक रूप जॉर्ज मॅक्रेडी प्राइस या ॲडव्हेंटिस्ट लेखकापासून सुरू झाले आणि १९६१ नंतर अमेरिकेत फोफावले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चच्या अधिकृत श्रद्धाविधानांत अलीकडची, सहा दिवसांची निर्मिती आजही आहे. या चर्चचे स्पायसर विद्यापीठ पुण्यात औंध रस्त्यावर आहे. कॅथलिक धर्मगुरूंना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवणारे ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ पासून त्याच शहरात नगर रस्त्यावर आहे. त्यामुळे ‘ख्रिस्ती लोक उत्क्रांती मानतात का?’ या प्रश्नाला एकच उत्तर पुण्याच्या हद्दीतही देता येत नाही.

महाराष्ट्रात हा वाद अमेरिकेसारखा शाळेच्या फळ्यापर्यंत ख्रिस्ती चर्चने नेला नाही. डार्विनचा सिद्धांत अशास्त्रीय असल्याचे विधान जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे झाले, ते तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांचे, आणि व्यासपीठ वैदिक संमेलनाचे होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या (एनसीईआरटी) दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. अक्कलदाढ, माकडहाड आणि आंत्रपुच्छ हे अवशेषांगांचे पुरावे त्यात येतात. राज्य मंडळाशी संलग्न असलेल्या चर्चच्या शाळांनाही हेच पुस्तक लावलेले असते.