कड्यावर प्रथम चढलेले दोघे

सिंहगडाच्या माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले म्हणजे खडकवासल्याचा जलाशय दृष्टीस पडतो. हे पाणी एकोणिसाव्या शतकातले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे गडाखाली आले, तेव्हा तेथे केवळ मुठेचे खोरे होते. कडा मात्र तोच.

हा कडा काळ्या बसाल्टाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतील कठीण थर भिंतीसारखा उभा राहतो, मऊ थर झिजून अरुंद पट्टी होते. तेथे चढणाऱ्यास क्षणभर विसावता येते. परंतु सुट्या दगडाचा आणि माघात वाळलेल्या गवताचा भरवसा धरता येत नाही.

श्रोतेहो, या कड्याची कथा आपण ऐकतो ती घोरपडीची. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने यशवंती घरोघर पोचविली. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या नावामागेही खेळणा किल्ला घोरपडीच्या साहाय्याने चढल्याची अशीच परंपरा सांगतात; तेव्हा ही कल्पना एकट्या सिंहगडाची नव्हे. घोरपडीची नखे कपारीत घट्ट रुततात, हे खरे. पण तिने नेमक्या जागी थांबावे, या आशेवर कोणता सेनानी मोहीम सोपवील?

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस बखर लिहिली. तीत घोरपड नाही. निवडक असे दोन मावळे वानरांप्रमाणे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी सोडली आणि तीवरून तीनशे माणूस माथ्यावर गेले, असे तो सांगतो. गिर्यारोहणाचा क्रमही हाच आहे: पहिल्याने चढावे, दोर बांधावा, मग इतरांनी यावे. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये प्रस्तरारोहण प्रथमच आले. हा खेळ खऱ्या कड्यावर खेळतात तेव्हा खडकात आधीच मेखा ठोकलेल्या असतात, आणि हात सुटला तरी दोर सावरतो. त्या दोघांना वरून दोर नव्हता. त्यातून एखादा धोंडा निसटता, तर उदेभानाचे पहारे जागे होते.

पुढचे युद्ध सर्वांस ठाऊक आहे. गड हाती येताच पागेच्या खणांना आग लावून राजगडास खूण दिली गेली. सभासदाने तानाजीचे नाव लिहिले, उदेभानाचे लिहिले. त्या दोघांची नावे त्याने दिलेली नाहीत.