चांदोरचं ब्रागांझा घर: जिथे म्युझियमचा मालक आतच राहतो!

गोवा म्हटलं की बीच, असं समीकरण आहे. पण मडगावपासून साधारण 13 किलोमीटरवर चांदोर नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चसमोरच्या मैदानाकडे तोंड करून एक लांबलचक दुमजली घर उभं आहे. रस्त्याच्या बाजूने ओळीने 24 खिडक्या. हेच ब्रागांझा घर. तिकीट खिडकी नाही, ऑडिओ गाईड नाही. बेल वाजवायची, घरातलं कुणीतरी दार उघडतं आणि तेच तुम्हाला घर फिरवून दाखवतं.

एका घराला दोन दारं का?

घराची सुरुवात सोळाव्या शतकातली मानली जाते. पुढे वारसांमध्ये वाटणी झाली आणि घराचे दोन भाग झाले. पश्चिमेचा भाग मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाकडे, पूर्वेचा ब्रागांझा परेरा कुटुंबाकडे. त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या पाहाव्या लागतात आणि देणगीही वेगवेगळी द्यावी लागते.

गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा आजही चालतो. त्यात मुलगा असो वा मुलगी, आईवडिलांच्या मालमत्तेत सगळ्यांचा समान हक्क असतो. तत्त्व चांगलंच आहे. पण पिढ्या वाढतात तसे एकाच घराचे मालकही वाढतात. मग छप्पर गळलं तर खर्च कुणी करायचा, हा प्रश्न येतो. गोव्यातली अनेक जुनी घरं बंद पडण्यामागे हेही एक कारण आहे.

आत काय बघायचं?

- पश्चिम भाग: इथलं ग्रंथालय चुकवू नका. सुमारे 5,000 पुस्तकांचा हा संग्रह गोव्यातल्या मोठ्या खासगी संग्रहांपैकी एक आहे. सोबत चिनी मातीची जुनी भांडी आणि नक्षीदार लाकडी फर्निचर.
- पूर्व भाग: झुंबरांचा मोठा नृत्यकक्ष आणि घरातलं छोटं प्रार्थनाघर. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या बोटाचं नख इथे जपल्याचं कुटुंब सांगतं.

हे घर फक्त श्रीमंतीचं नाही

पश्चिम भागाशी जोडलेलं मोठं नाव म्हणजे लुईस दि मिनेझिस ब्रागांझा (1878-1938). ते पत्रकार होते. 1900 साली सुरू झालेल्या 'ओ हेराल्दो' या गोव्यातल्या पहिल्या दैनिकाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. 1930 मध्ये पोर्तुगालने वसाहतींचे हक्क आवळणारा कायदा आणला. तेव्हा गोव्याला स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क आहे, असा ठराव त्यांनी सरकारी कौन्सिलमध्ये मांडला. गोवा मुक्त झाला 1961 मध्ये, म्हणजे त्यानंतर 31 वर्षांनी. पणजीची 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग घर लोकांसाठी उघडायची वेळ का आली?

अशी घरं चालायची ती जमिनीच्या उत्पन्नावर. 1964 चा कूळ कायदा आणि नंतर 1976 ची दुरुस्ती, यामुळे कसणाऱ्या कुळांना हक्क मिळाले. शेतकऱ्यासाठी हे न्यायाचंच होतं. पण जमीनदारांची मिळकत आटली आणि घराचा आकार मात्र तेवढाच राहिला. कौलं, लाकूड, वाळवी, दर पावसाळ्यातली गळती या सगळ्याला पैसा लागतो. म्हणून इथे पाहुण्यांची देणगी हा औपचारिकपणा नाही, तो दुरुस्तीचा निधी आहे.

दुसरी काळजी रेल्वेची. चांदोरमधून जाणाऱ्या मार्गाच्या दुपदरीकरणाविरोधात 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री हजारो लोक इथे रुळांजवळ जमले होते. कोळशाची वाहतूक वाढेल आणि हादऱ्यांनी जुन्या घरांना तडे जातील, ही त्यांची भीती होती.

जायचं कसं?

खडवली, टिटवाळा, कल्याणकरांसाठी सोपा मार्ग म्हणजे लोकलने ठाणे, तिथून कोकण रेल्वेने मडगाव. पुढे बस किंवा टॅक्सी. चांदोरमध्येच फर्नांडिस कुटुंबाचं आणखी जुनं घर आहे. हल्ला झाला तर लपायला केलेली तळघरातली जागा तिथे पाहायला मिळते.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा

- दुपारच्या जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळी बेल वाजवू नका. सकाळी लवकर आटपलेलं बरं.
- फोटो किंवा रील काढण्याआधी विचारा. 'नको' म्हणाले तर मोबाईल खिशात.
- खुर्च्यांवर बसू नका, पुस्तकांना हात लावू नका.
- सुटे पैसे जवळ ठेवा. दोन्ही भागांत द्यायचे आहेत.
- प्रश्न विचारा. दाखवणारा माणूस पाठ केलेली माहिती सांगत नसतो, आपल्या आजी-आजोबांबद्दल बोलत असतो.