जांब, बखर आणि दोन पत्रं

आमच्या जांबातला समर्थांचा जन्म 1608 सालचा, रामनवमीचा. ठोसरांच्या घरातला नारायण बोहल्यावरून पळाला, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप केलं, हे गावातलं लहान पोरही सांगतं. आणि त्याच दमात पुढचंही सांगतं, की शिवाजी महाराजांनी तरुणपणीच समर्थांचा अनुग्रह घेतला. साल 1649, जागा चाफळजवळची शिंगणवाडी. कीर्तनात हेच, सप्त्यात हेच. गावाचा मान आहे तो, मग खोदून विचारणार कोण?

ही कथा बरीचशी आली हनुमंतस्वामींच्या बखरीतून. ती लिहिली गेली समर्थ गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. आता आपण शेतकरी माणसं. बांधाचा वाद निघाला की तलाठी पहिलं काय विचारतो? फेरफार कधीचा, नोंद कुणी घातली. आज्या असं सांगायचा, एवढ्यावर बांध वीतभर सरकत नाही. मग इतिहासाचा बांध तरी का सरकावा?

हे काम ज्यांनी केलं ते काही समर्थांचे वैरी नव्हते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव, नानासाहेब म्हणायचे त्यांना, पक्के समर्थभक्त. 1893 साली त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा काढली. मठामठांत हिंडून बाडं गोळा केली. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापला. देवांचं मत 1649 चंच होतं, राजवाडेही त्याच बाजूचे. पण दप्तर उघडलं की त्यातून आपल्याला हवा तोच कागद निघतो असं थोडंच आहे!

चाफळच्या दिवाकर गोसाव्यांना आलेली दोन पत्रं पुढं आली. एक 1658 चं, भास्कर गोसाव्यांचं. ते भिक्षेसाठी महाराजांकडे गेले, तर महाराजांनी विचारलं, तुम्ही कोण, तुमचे समर्थ राहतात कुठं, मूळ गाव कोणतं. नऊ वर्षांपूर्वी अनुग्रह घेतलेला शिष्य गुरूचं गाव विचारील का? दुसरं केशव गोसाव्यांचं, 1672 चं. राजे येणार आहेत, ही पहिलीच भेट आहे, झाडी फार आहे, वाडीची माणसं बोलवा, असा त्यातला मजकूर. मला हे झाडीचं वाक्य फार खरं वाटतं. पाहुणा यायच्या आधी रस्ता साफ करायची घाई आहे ती. चांदोरकरांनी या पत्रांवरून भेट 1672 ची ठरवली. प्रा. भाटे यांनी 1918 च्या आपल्या पुस्तकात तीच बाजू घेतली.

वाद तिथं मिटला नाही. 'पहिली भेट' म्हणजे त्या जागेवरची पहिली, असा अर्थ दुसऱ्या बाजूनं लावला. पत्रांच्या खरेपणावरही बोट ठेवलं. इकडं 1678 ची चाफळची सनद आहे, तीत महाराजांनी समर्थांना सद्गुरू म्हटलंय. तिची नक्कल मिळते, आणि तिच्यावरही शंका घेणारे आहेत. मला विचाराल तर पारडं 1672 कडं झुकतं. सनद खरी धरली तरी ती त्यानंतरचीच, तिनं 1649 सिद्ध होत नाही. उद्या एखाद्या मठाच्या माळ्यावर जुना अस्सल कागद सापडला, तर पारडं परत फिरेल, फिरू द्यावं. पण जातीच्या चष्म्यातून जे दोन्हीकडून ओरडतात, त्यांना कागदाशी काही देणंघेणं नाही, त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

देवळापुढच्या पारावर एकदा मी हे सगळं सांगितलं. पहिल्यांदा सगळे गप्प. एकानं तर तंबाखू मळता मळता, "हे वाचून तुला काय मिळालं रे?" म्हणून सुनावलं. मग ऐंशीच्या घरातले एक आप्पा म्हणाले, "थांबा. त्या पहिल्या पत्रात गोसाव्यानं गाव कोणतं सांगितलं?"

"जांब. गंगाकाठचं जांब."

"म्हणजे महाराजांच्या कानावर आपल्या गावाचं नाव गेलं होतं म्हणा की!"

त्यावर दिवेलागणीपर्यंत वाद चालला. शिंगणवाडीची भेट मानणारे आजही पारावर जास्त आहेत. पण आता कुणी काही सांगितलं की आप्पा विचारतात, कागद कधीचा?